स्वच्छ टेप

नर्सबाई दार न वाजवता आत आल्या, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. उघड्या दारावरही टकटक करणारी बाई ती. मी टेप लावून बसलो होतो. एका निवृत्त पोस्टमनच्या काळजाचे चोवीस तास, त्यातला पहाटे चार ते पाच हा तास पडद्यावरून सरकत होता, आणि पोस्टमन गाढ झोपलेला असावा, कारण ठोके संथ, सारख्या अंतराने, एकामागून एक येत होते. बाईंनी माझ्यापुढे फॅक्सचा कागद ठेवला. तो अजून कोमट होता. "वाचा," त्या म्हणाल्या, आणि मला वाचू न देता स्वतःच सांगायला लागल्या. "चाचणी बंद. मोठे डॉक्टर म्हणालेत, सगळ्या बाटल्या परत मागवायच्या, आजच्या आज. एकही गोळी कुणाच्या पोटात जाता कामा नये." मी का म्हणून विचारलं. विचारायला हवं म्हणून विचारलं. "मेलेत हो," बाई म्हणाल्या. "ज्यांना खरी गोळी होती तेच जास्त मेलेत. खोट्या गोळीवाल्यांच्या दुपटीहून जास्त. सगळ्या गावांचे आकडे एकत्र केले तेव्हा दिसलं त्यांना." मग त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला आणि "चहा सांगू का तुम्हाला?" असं विचारलं. मी हो म्हणालो. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. पोस्टमनचं काळीज पडद्यावर तसंच चालू होतं, एकही आगाऊ ठोका नाही, आणि मला त्या स्वच्छ रेघेकडे बघवेना. मी यंत्र बंद केलं.

बावीस वर्षं मी हेच काम करतोय. लोक छातीला तारा चिकटवून, यंत्र गळ्यात अडकवून घरी जातात, जेवतात, भांडतात, झोपतात आणि दुसऱ्या दिवशी टेप आणून देतात. मी ती वाचतो. वाचायची म्हणजे आगाऊ ठोके मोजायचे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाच्या काळजात असे ठोके उगवतात, वेळ झालेली नसताना मध्येच येतात, रांगेत घुसणाऱ्या माणसासारखे. एखाददुसरा आला तर कुणी विचारत नाही. ताशी पाच-पन्नास येऊ लागले, जोडीने, तिघे-तिघे येऊ लागले, की एखाद्या दिवशी सगळं काळीजच बेताल होतं आणि माणूस उभ्याउभ्या जातो. हे सगळ्यांना माहीत होतं. मग आगाऊ ठोके दाबून टाकले तर माणूस वाचेल, हेही सगळ्यांना माहीत होतं. कुणी तपासून पाहिलेलं नव्हतं, एवढंच. त्यासाठी ही चाचणी. पहिले दोन आठवडे सर्वांनाच खरी गोळी. ज्यांचे आगाऊ ठोके तिने गेले, तेवढ्यांनाच पुढे घ्यायचं. मग चिठ्ठ्या टाकल्यासारखं अर्ध्यांना खरी गोळी, अर्ध्यांना हुबेहूब तशीच खोटी. बाटलीवर फक्त क्रमांक. कुणाच्या वाट्याला काय आलंय ते रोग्याला माहीत नाही, नर्सबाईंना नाही, मोठ्या डॉक्टरांनाही नाही. मलाही नाही, असं कागदावर होतं. पण टेप माझ्या डोळ्यांखालून जायची. तिसऱ्या महिन्यात ज्याच्या टेपवर पुन्हा आगाऊ ठोक्यांची जत्रा भरलेली दिसे, त्याला खोटी. ज्याची टेप धुतल्यासारखी स्वच्छ, त्याला खरी. हे ओळखायला पदवी लागत नाही. ओळखलं तरी मूग गिळून बसायचं, हा आमच्या धंद्याचा नियम होता, आणि तो मी पाळला. एकदा सोडून.

ती माझी ताई. आई-वडील गेले तेव्हा ती एकोणीस वर्षांची आणि मी आठ. तिने लग्न केलं नाही. कुणी विषय काढला की "हे एक लोढणं गळ्यात आहे तेवढं पुरे," असं माझ्याकडे बोट दाखवून म्हणायची, आणि मी लग्न करून दोन मुलांचा बाप झाल्यावरही म्हणतच राहिली. सार्वजनिक तलावावर तिने तीस वर्षं पोहायला शिकवलं. अर्ध्या शहराला पाण्यात ढकललं असेल तिने. मला मात्र पोहता येत नाही. मी कठड्याला धरून किंचाळायचो आणि ती म्हणायची, "पिंट्या, पाणी तुला खात नाहीये, तूच पाण्याला खातोयस." पन्नाशी जवळ आली तरी मी पिंट्याच आहे. गेल्या वर्षी तिला झटका आला, तलावाच्या पायरीवर, गळ्यात शिट्टी. बरी झाली, पण टेपवर ताशी चाळीस आगाऊ ठोके. मीच तिला चाचणीत घातलं. अर्ज मी भरला, सही तिने न वाचता केली. नियमाप्रमाणे नातेवाइकाची टेप दुसऱ्या वाचकाकडे द्यायला हवी होती. पण आमचा दुसरा वाचक म्हणजे घाईचा माणूस, अर्धी टेप जेवणाच्या सुट्टीआधी उरकणारा. ताईचं काळीज मी त्याच्या हाती कसं देणार? टेपवर क्रमांकच असतो. तो मला पाठ होता. मी गप्प बसलो आणि ती टेप इतर टेपांमध्ये घालून वाचली, डोळ्यांत तेल घालून, चोवीसच्या चोवीस तास. एक ठोका आगाऊ नव्हता. मला इतका आनंद झाला की मी उठून उगाचच खिडकी उघडली.

त्याच आठवड्यात ती बाटली घेऊन कॅन्टीनमध्ये आली होती. माझ्यासमोर बाटली आपटली आणि म्हणाली, "नको रे बाबा हा उपद्व्याप. तोंडाला सतत लोखंड चाटल्यासारखी चव, मध्येच डोळ्यांपुढे अंधारी. त्यात ही खरी का खोटी तेही माहीत नाही. खोटीसाठी एवढं कोण सोसतंय?" मी आजूबाजूला पाहिलं. शेजारच्या टेबलावर दोन वॉर्डबॉय हसत होते. मी पुढे वाकून म्हणालो, "ताई, तुला खरी लागलीय." तिने भुवया उंचावल्या. "तुमच्यात कुणालाच कळत नाही म्हणालास ना?" "मला कळतं," मी म्हणालो. "मी वाचतो." हे शब्द उच्चारताना मला जे वाटलं, ते मी आज लपवून काय करू? मला फुशारकी वाटली. तिने मला वाढवलं होतं, शाळेची फी भरली होती, तापात रात्री जागवल्या होत्या, आणि आज पहिल्यांदा माझ्याकडे असं काही होतं जे तिला देता येत होतं. तिने बाटली उचलून पिशवीत टाकली. "मग पोहायला हरकत नाही ना आता?" तिने विचारलं. डॉक्टरांनी खोल पाणी बंद केलं होतं. "काही हरकत नाही," मी म्हणालो. "तुझी टेप माझ्यापेक्षा चांगली आहे." ती खूश होऊन गेली. दुसऱ्या दिवसापासून रोज अकरा ते बारा बायकांचा वर्ग, आणि बायकांच्या आधी ती स्वतः पाण्यात. बाराला बाहेर येऊन डबा, डब्याबरोबर दुपारची गोळी. घड्याळ चुकेल, ती चुकायची नाही.

नर्सबाई चहा सांगायला गेल्या आणि मी फोन उचलला. तलावाच्या कचेरीत कारकून होता, त्याचा आवाज मला माहीत आहे, सुपारी चघळत बोलतो. "बाई पाण्यात आहेत," तो म्हणाला. त्या तीन शब्दांनी माझी पाचावर धारण बसली. "बऱ्या आहेत ना?" "न बऱ्या असायला काय झालं? ओरडतायत, ऐकू येत नाही का?" त्याने बहुधा फोन खिडकीकडे धरला. पाण्याचा आवाज आला, बायकांचं हसणं आलं, आणि शिट्टी. "काही निरोप?" माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. दुपारची गोळी घेऊ नको. चार शब्द. पण ते चार शब्द म्हटले की ती ओल्या अंगाने फोनवर येणार, का म्हणून विचारणार, आणि तिथून पुढे एकेक करत सगळं निघणार, आणि समोर टेबलावर तो कोमट कागद. "सांगा, मी येतोय," मी म्हणालो. "मी म्हणजे कोण?" "भाऊ." मी फोन ठेवला. चहा यायच्या आत मी जिना उतरलो होतो.

बस मिळाली, बसायला जागाही मिळाली. खिडकीतून दुकानं मागे जात होती, चपलांची, चष्म्यांची, एक किल्ल्या करून देणारा, एक बंद सिनेमाघर, आणि मी प्रत्येक सिग्नलला घड्याळ बघत होतो. अकरा वीस. अकरा पंचवीस. शेजारचा गृहस्थ म्हणाला, "घड्याळाकडे बघून बस जोरात जात नाही हो." तो हसला, मीही हसलो. मग रस्ता अडला. पुढे कुठे तरी पाइप फुटला होता, खणलेला रस्ता, लाल फडकी, एकेक गाडी सोडत होते. उतरून फोन करता आला असता. कोपऱ्यावर फोनची टपरी दिसत होती, पिवळ्या पाटीची, रिकामी. मी तिच्याकडे बघत बसलो आणि बस तिच्यासमोर चांगली सात-आठ मिनिटं उभी होती. मी उतरलो नाही. समोरासमोर सांगणं बरं, तिला धक्का बसेल, धक्का बसणं तिच्या काळजाला वाईट, असं मी स्वतःला सांगत होतो आणि सांगताना मला स्वतःची शिसारी येत होती. कारण मी कशाला भीत होतो ते मला पक्कं ठाऊक होतं. गोळी वाईट निघाली हे तिला सांगायला मी भीत नव्हतो. त्यात माझा काय दोष? जगातले मोठमोठे डॉक्टर फसले, तिथे मी कोण. ती म्हणाली असती, चल, वेळेवर कळलं. मी भीत होतो तो एका प्रश्नाला, आणि तो ती विचारणार, कारण ती नेहमी विचारते. फुटलेल्या कपाचे तुकडे लपवले होते तेव्हाही तिने "का फोडलास" असं विचारलं नव्हतं. "कधी फोडलास" असं विचारलं होतं.

अकरा दिवसांपूर्वी चाचणीतल्या एका बेकरीवाल्याची बायको यंत्र परत द्यायला आली. तो तिसऱ्या टेपसाठी यंत्र घेऊन गेला होता, ते लावायच्या आदल्याच सकाळी भट्टीपुढे कोसळला. बाई यंत्राच्या तारा नीट गुंडाळून, रबर लावून घेऊन आल्या होत्या. नर्सबाई जागेवर नव्हत्या, म्हणून मी खिडकीशी गेलो. मी म्हणालो, "त्यांची मागची टेप उत्तम होती हो. औषधाने आपलं काम केलं होतं." बाईंना बरं वाटलं. "म्हणजे आमच्याकडून काही कमी पडलं नाही," त्या म्हणाल्या. त्या गेल्या आणि मला ते माझंच वाक्य सोडीना. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी कपाट उघडलं. आमच्याकडे एकूण एक्केचाळीस माणसं होती, त्यातली पाच गेली होती. पाचांच्या नोंदी काढल्या. बेकरीवाला, स्वच्छ. बसचा कंडक्टर, स्वच्छ. शाळेतली ग्रंथपाल बाई, स्वच्छ. रंगारी, स्वच्छ. पाचवा म्हातारा गवंडी, त्याच्या टेपवर आगाऊ ठोके होते, आणि तो न्यूमोनियाने गेला होता. मी ते कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले. मग ज्यांची टेप वाईट, ज्यांची मी मनातून कीव करायचो, बिचाऱ्यांना खोटी लागली म्हणायचो, ते आठवले. शिंपी होता एक, ताशी साठ-साठ आगाऊ ठोके. आदल्याच दिवशी मला जिन्यात भेटला होता, सायकलवरून आलो म्हणाला.

चार माणसं म्हणजे काही आकडा नव्हे, हे मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरंही होतं. नाणं चारदा टाकलं तर चारही वेळा छापा पडू शकतो. आकडे बघायला वेगळी माणसं बसवलेली आहेत, दुसऱ्या गावात, ती शहाणी आहेत. मी टेपवाला. आणि मी वर जाऊन मोठ्या डॉक्टरांना सांगितलं असतं तर त्यांनी पहिलं काय विचारलं असतं? तुम्हाला कसं कळलं, कुणाला खरी आहे ते? तिथून ताईची टेप, ताईचा क्रमांक, कॅन्टीन. म्हणजे मी विचार केला तो नोकरीचा. बावीस वर्षं झाली होती, पेन्शनला आठ उरली होती. कागद आत ठेवले, कपाटाला कुलूप लावलं आणि घरी गेलो. जेवायला बसलो तेवढ्यात फोन वाजला. ताई. "पिंट्या, आज पायरी चढताना पुन्हा अंधारी आली रे. चांगली कठड्याला धरून उभी राहिले. रात्रीची गोळी सोडू का?" बायको वाढत होती. मुलगी कशावरून तरी भांडत होती. माझ्या हाताला कपाटाच्या गंजक्या किल्लीचा वास येत होता. त्या क्षणी मला माहीत होतं. नक्की नव्हतं, पण माहीत होतं, जितकं कॅन्टीनमध्ये माहीत होतं तितकंच. तेव्हा सांगायला जीभ सैल झाली होती. आता ती टाळ्याला चिकटली. "सोडू नको," मी म्हणालो. "घे. पाणी जास्त पी." "बरं," ती म्हणाली. आणि फोन ठेवला. त्यानंतर मी रोज सकाळी तिला फोन करायचो, काही तरी निमित्त काढून. ती उचलायची, माझा जीव भांड्यात पडायचा, आणि मी हवापाण्याचं बोलायचो. "हल्ली फार माया आलीय," असं ती परवा म्हणाली.

तलावाशी उतरलो तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. कारकुनाने मला बघून नुसती मान हलवली. आत ओल्या फरशीचा आणि क्लोरीनचा वास, बायका केस पुसत निघालेल्या, पाणी अजून हलत होतं. ती टोकाच्या बाकावर बसली होती, खांद्यावर टॉवेल, मांडीवर डबा, आणि बाकावर तिच्या शेजारी ती बाटली. झाकण उघडं. मी तिथपर्यंत चालत कसा गेलो मला आठवत नाही.

"घेतलीस?" मी विचारलं.

"काय घेतली? बस आधी. पांढरा पडलायस नुसता. पळत आलास का?"

"गोळी, ताई."

"घेतली की. बाराला घेते. का?"

मी तिच्या शेजारी बसलो आणि सांगितलं. फॅक्सचं सांगितलं, दुपटीहून जास्तचं सांगितलं, गोळी आता बंद, बाटली मला दे म्हणालो. दोन-तीन दिवसांत औषध अंगातून उतरेल, तोवर पाणी नाही, जिना नाही, आज संध्याकाळीच डॉक्टर तपासतील, वॉर्डात ठेवतील. मी भराभर बोलत होतो. ती घास हातात धरून ऐकत होती. मग तिने घास डब्यात ठेवला, डब्याचं झाकण लावलं, बाटलीचं झाकण लावलं, आणि बाटली माझ्या हातात दिली.

"म्हणजे ती जी अंधारी यायची—"

"हो. त्यानेच असेल."

"आणि उतरल्यावर? ते पहिले ठोके परत येणार?"

"येतील."

"त्यांचं काय करायचं मग?"

"माहीत नाही, ताई. कुणालाच माहीत नाही."

ती पाण्याकडे बघत होती. मला वाटलं, सुटलो. एवढं वाटलं तेवढ्यात तिने मान वळवली. रागाने नव्हे. लहानपणी अभ्यास घेताना बघायची तशी.

"तुला कधी कळलं?"

आज सकाळी, असं म्हणता आलं असतं. कागद होता साक्षीला, नर्सबाई होत्या. मी बाटली खिशात टाकली. मी बेकरीवाल्याच्या बायकोचं सांगितलं. कपाटाचं सांगितलं, चार कागदांचं सांगितलं. "अकरा दिवस," मी म्हणालो. "तू फोन केलास ना, जेवताना. त्याच्या आधी दोन तास."

तिचे ओठ हलत होते. मला आधी कळलं नाही, मग कळलं की ती हिशोब करतेय.

"त्या रात्रीची एक," ती म्हणाली. "मग दहा दिवस, रोजच्या तीन. तीस. आज सकाळची. आणि ही आत्ताची." तिने माझ्याकडे पाहिलं. "तेहतीस. ही आत्ताची तरी फोनवर थांबवायचीस, पिंट्या."

मी रडायला लागलो. पन्नाशीला आलेला माणूस, भर दुपारी, ओल्या बाकावर. एक बाई केस बांधत आमच्याकडे बघून पुढे गेली. ताईने मला जवळ घेतलं नाही. ढकललंही नाही. मग एकदम म्हणाली, "मला परत तसं व्हायला लागलंय का बघ. छातीत कसं तरी होतंय. तूच वाचतोस ना," आणि तिने मनगट माझ्यापुढे केलं.

मी कारकुनाला हाक मारली, इतक्या जोराने की छताला घुमली. गाडी बोलवा, आत्ताच्या आत्ता. तो धावला. मग मी तिच्या मनगटावर बोटं ठेवली. बावीस वर्षांत मी हजारो काळजं वाचली होती आणि जित्या माणसाची नाडी एकदाही धरली नव्हती. कातडी थंड होती, पाण्यात राहून सुरकुतलेली. आधी काहीच लागेना. मग लागलं. एक. मग दुसरा. सारख्या अंतराने, एकसारखे, टेपवर असायचे तसे, एकही इकडेतिकडे नाही. फाटकाबाहेर कारकून कुणाला तरी ओरडून थांबवत होता. ताईने डोळे मिटून डोकं भिंतीला टेकवलं होतं. मी मोजत होतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा हात जोडून मागावं तसं मागत होतो, की एक तरी चुकू दे, एक तरी मध्येच येऊ दे.